झाकणाखालच्या कॅसेटी

१

बाबांच्या घरात बाथरूमच्या दिव्याचं बटण बाथरूमजवळ नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दारामागे होतं, कमरेच्या उंचीवर. घर घेतलं तेव्हा वायरमननं ते चुकून तिथं बसवलं, बाबा "चालतंय की" म्हणाले, आणि मग ते जन्मभर चाललं. शेवटच्या शनिवारी आमचं भांडण झालं तेही त्याच्यावरूनच.

"सोमवारी मी वायरमन पाठवते," मी म्हणाले. "एखाद दिवशी अंधारात पडाल."

"माझा हात बरोबर जातो."

"पाहुण्यांचा जात नाही. बिचारे भिंती चाचपत बसतात."

"म्हणून तर ठेवलंय. नवा माणूस कोण ते लगेच कळतं."

समाजशास्त्राचे प्राध्यापक होते ते, निवृत्त झाले तरी तत्त्वं निवृत्त झाली नव्हती. घरातल्या प्रत्येक गैरसोयीमागे त्यांचं एकेक तत्त्व उभं असायचं.

खिडकीजवळ टाचणी बसून बिस्किटं खात होती. टाचणी हे तिचं नाव नव्हे. अंगानं किडकिडीत आणि बोलायला टोचरी म्हणून सुधारगृहातल्या मुलींनी ठेवलेलं नाव, तेच पुढे टिकलं. सतरा वर्षांची, मोबाईल चोरताना सापडलेली, आता देखरेखीखाली बाहेर. लॉंड्रीत इस्त्रीला असायची आणि सुट्टीच्या दिवशी बाबांकडे यायची. बाबांनी तिला घराची किल्लीसुद्धा देऊन ठेवली होती, झाडांना पाणी घालायला.

"काल उशीर झाला म्हणालीस. का झाला?" बाबांनी तिला विचारलं.

"मालक ओरडला, मग मी पण ओरडले."

"तो का ओरडला?"

"आजोबा, तुम्ही ना, माणसाला का-का करून कावळा करता."

बाबा मनापासून हसले. मुलं गुन्हा का करतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मी लहान असताना सुधारगृहातून मुलं घरी यायची. या खोलीचं दार लागायचं आणि बाबा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे, कॅसेटवर रेकॉर्ड करायचे. मी स्वयंपाकघरात गृहपाठ करत बसायचे. रेकॉर्डिंग संपलं की ज्याची कॅसेट त्यानं ती स्वतः ठेवायची, अशी बाबांची पद्धत होती. कुठे, तर आईच्या शिवणाच्या मशीनच्या लाकडी झाकणाखाली. आईच्या आजारपणातच तिचं मशीन दोघांनी कुणाला तरी देऊन टाकलं होतं. टेबल आणि वरचं झाकण तेवढं उरलं. बघणाऱ्याला वाटे, आत मशीन आहे.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचे जुने विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक.

"नाही देणार," बाबा म्हणाले. "अरे, माझ्या असत्या तर दिल्या असत्या. ज्याची कॅसेट त्यानं आपल्या हातानं ठेवलीय, न्यायची तर त्यानंच न्यायची. त्यावर नावं नाहीत ते बरंच आहे... हो, मी मेल्यावरसुद्धा नाही." फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. "पोरं चोरी का करतात यावर कपाटभर पुस्तकं आहेत. ह्याला आणखी एक लिहायचंय. बाकीची का करत नाहीत, हे कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तो आहे."

मी पर्स उचलली. हे मी शंभरदा ऐकलं होतं.

"निघालीस? तुझं बरं चाललंय ना," बाबा म्हणाले. मला ते एवढंच विचारत, आणि विचारतानाच उत्तर धरून चालत.

"हो."

"मग झालं."

खाली उतरल्यावर मी वर पाहिलं नाही. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते खिडकीत उभे असतात, हे पाहायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिना उतरताना बाबा एका पायरीवर बसले आणि उठले नाहीत. टाचणी बरोबर होती. तिनंच इमारत गोळा केली, तिनंच त्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा ती बाकावर बाबांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

२

ते काही दिवस मी आत्याकडे राहिले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. वर जायला माझे पाय तयार नव्हते. गुरुवारी सकाळी गेले.

घर जसंच्या तसं होतं. चष्मा पुस्तकावर, पुस्तक खुर्चीवर. मी धूळ पुसायला घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. झाकण पुसताना ते सरकलं, पण आत काहीच खडखडलं नाही. उचललं. खाली टेबलावर कॅसेटींच्या आकाराचे चौकोन तेवढे स्वच्छ होते, भोवती धूळ. एकही कॅसेट नव्हती. शेजारच्या फळीवर बाबांचा जुना टेपरेकॉर्डर होता तसाच होता.

मी पुन्हा झाकण ठेवलं, पुन्हा उचललं. जणू दुसऱ्यांदा उचलल्यावर त्या दिसणार होत्या.

"गेलं ना काहीतरी?" दारातून आत्या म्हणाली. "मी म्हणतच होते!"

"काय गेलं ते तरी विचार."

"काय गेलं?"

"कॅसेटी. त्या मुलांच्या."

"आणि?"

"आणि काही नाही."

"म्हणजे बाकीचं न्यायला परत येणार ती."

"कोण ती?"

आत्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाबांचं मंदपण माझ्यात उतरल्याची तिची खात्री झाली असावी. मी तिला अडवायच्या आत तिनं फोन लावला होता. पलीकडे प्रोबेशन ऑफिसर, ज्यांना सगळेच साहेब म्हणत. टाचणीची देखरेख त्यांच्याकडे होती. येत्या सोमवारी बाल न्याय मंडळापुढे तिच्याबद्दलचा त्यांचा अहवाल जायचा होता. चांगला गेला तर ती मोकळी. वाईट गेला तर परत सुधारगृह, लॉंड्रीचं काम गेलं आणि बाबांनी वर्षभर केलेलं सगळंच गेलं.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली होती. चोरी कशी झाली हे कुणालाच माहीत नव्हतं; का झाली हे मात्र प्रत्येकाला माहीत होतं.

३

"संगत," आत्या म्हणाली. ती भाजी चिरत होती आणि प्रत्येक मुद्द्याला सुरी फळीवर आपटत होती. "चोरांत राहिलं की चोरी येते. जसं आपल्या घरात राहून तुला वाचन आलं. शिकावं लागतं हो तेसुद्धा, कोण बघतंय, कुठं हात घालायचा, पकडलं तर काय सांगायचं. ते शिक्षण तिचं झालेलं आहे."

वाईट गोष्ट ही की बाबांच्या कपाटात नेमकं हेच सांगणारं एक जाडजूड पुस्तक आहे. आत्यानं ते न वाचताच पाठ केलं होतं.

"कुलूप फोडलेलं नाही," मी म्हणाले. "किल्ल्या तीन. बाबांची त्यांच्या खिशात होती, ती दवाखान्यातून माझ्याकडे आली. एक तुझी."

"माझी या खिळ्यावर. एकदाच काढली, मंगळवारी, तुमच्या त्या प्राध्यापकांसाठी. पुस्तकं बघायचीत म्हणाले. पण मी हाताची घडी घालून उभी होते हो! कपाट तेवढं उघडलं, दुसरीकडे बघितलंही नाही, हात हलवत परत गेले. राहिली तिची किल्ली. आणि नाटकं किती! सोमवारी माझ्या दारात हजर. 'आत्या, झाडांना पाणी घालायचंय, किल्ली द्या.' स्वतःकडे किल्ली असताना माझ्याकडे मागते! हाकलली मी."

शुक्रवारी सकाळी प्राध्यापक आले. माझं सांत्वन थोडक्यात उरकून त्यांनी विषयाला हात घातला.

"त्या मुलीला दोष देऊ नका," ते म्हणाले, आणि क्षणभर मला बरं वाटलं. "ताण असतो त्यांच्यावर. समाज सांगतो, मोठं व्हा, गाडी घ्या, चांगले कपडे घाला. आणि तिथं जायचा रस्ता मात्र देत नाही. मग मूल आडवाट शोधतं. ही चोरी म्हणजे तिचं... काय म्हणू... उद्दिष्ट आणि साधन यांच्यातल्या दरीचं लक्षण आहे."

"चोरी तिनं केली असं कुणी म्हटलं?"

"सगळेच म्हणतायत."

"सर, जुन्या कॅसेटी विकून गाडी कशी येते?"

त्यांनी चष्मा पुसला. मग हात धुवायला आत गेले आणि अंधारात भिंत चाचपू लागले. मी दारामागचं बटण दाबलं.

"दरवेळी विसरतो मी," आतून आवाज आला. "सरांचं घर म्हणजे ना... बरं, त्या कॅसेटी सरांनी नेमक्या ठेवल्या कुठं होत्या? कपाटात तर मला दिसल्या नाहीत."

"आता कळून काय उपयोग?"

"नाही, राहिल्या असतील एखाद-दोन, तर टेपरेकॉर्डरसकट मी नेईन म्हणतो. हल्ली ते वाजवायचं यंत्र कुठं मिळत नाही. माझ्याकडे नाही, विद्यापीठात नाही."

मी दार उघडून धरलं. माझा बाप जाऊन आठवडा झाला नव्हता आणि हा माणूस उरल्यासुरल्या एखाद-दोन कॅसेटींची चौकशी करत होता.

दुपारी साहेब आले. पंचेचाळिशीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले.

"या ना. घर सापडायला त्रास नाही झाला?"

"पत्ता फाइलवर होता. पहिल्यांदाच येतोय. सरांची भेट ऑफिसातच व्हायची." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही तिच्याकडची. आज सकाळी बोलावून जमा करून घेतली."

"तिनं काय सांगितलं?"

"नाही म्हणते. सगळेच नाही म्हणतात." ते खुर्चीवर बसले नाहीत, ती बाबांची खुर्ची होती, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "मॅडम, मी शेकडो मुलं पाहिली. पुस्तकं काहीही म्हणोत. मुलाला बांधून ठेवणारं काहीतरी लागतं. घरी कुणीतरी वाट बघतंय, त्याला तोंड दाखवायचंय, एवढं असलं की हात मागे येतो. हिचं कोण आहे? आई कुठं ते माहीत नाही, बाप असून नसल्यासारखा. सर होते, ते गेले. दोरी तुटली, संपलं."

"म्हणजे बाबा गेले त्याच आठवड्यात तिनं त्यांच्याच घरी चोरी केली?"

"मी फक्त अहवाल लिहितो."

ते थकलेले दिसत होते. तोंडावर पाणी मारून येतो म्हणाले. आत दिवा लागला, नळ वाजला. मी तोवर चहा गाळला. पण ते चहा न घेताच गेले.

आत्याकडे संगत, प्राध्यापकांकडे ताण, साहेबांकडे दोरी. जी मुलगी माझ्या बाबांच्या चपला सांभाळत बसली होती, तिला यातल्या कुणीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

४

लॉंड्रीत वाफेचा वास होता. टाचणी इस्त्री फिरवत होती. मला पाहून तिनं ती उभी केली.

"तुम्ही पण आलात का विचारायला?"

"आले."

"विचारा मग. हे शर्ट थंड होतात."

"कॅसेटी तू नेल्यास?"

"ताई, न्यायचंच असतं तर तो टेपरेकॉर्डर नेला असता. जुन्या वस्तूंचं दुकान आहे ना, पुलापलीकडे, तो घेतो. कॅसेटी कोण घेणार? भंगारवाला पण परत देईल."

"त्या कुठं होत्या ते माहीत होतं तुला?"

"कपाटात असतील. माझी कुठं कॅसेट आहे? आजोबा म्हणायचे, हल्ली सगळे रेकॉर्ड करतात, ऐकत कुणी नाही. तू नुसतं बोल."

"आणि किल्ली?"

"ती तर रविवारीच दिली. दवाखान्यातच. तुम्ही यायच्या आधी साहेब आले होते ना, डॉक्टरांनी माझं नाव विचारलं तेव्हा मी त्यांनाच फोन केला, मला दुसऱ्या कुणाचा नंबर पाठ नाही. तर म्हणाले, आता तुझं तिथं काय काम, दे इकडे. दिली." तिनं शर्टाची कॉलर ओढून सरळ केली. "सोमवारी झाडं आठवली. आत्यांकडे मागितली, तर त्यांनी असं बघितलं, जशी मी त्यांची झाडंच विकणार होते."

"साहेब म्हणतात, आज सकाळी घेतली."

टाचणी हसली, पण मजेत नाही. "मग तसंच असेल. सोमवारी मंडळ कुणाचं ऐकणार, माझं की साहेबांचं?"

मी ढिगातला वरचा शर्ट तिच्याकडे सरकवला.

"एक सांगू ताई? एकदा चोर म्हटलं ना, की मग खरं बोलायचा पण कंटाळा येतो."

बाबांच्या कपाटात या वाक्यावरही एक पुस्तक आहे. चारशे पानांचं.

५

शनिवारी मी बाबांच्या घरी एकटी बसले. समोर झाकण, शेजारी टेपरेकॉर्डर. मी ग्रंथपाल; त्या सवयीनं मी आधी काय नाही याचा विचार करणं सोडलं आणि काय आहे ते बघितलं.

टेपरेकॉर्डर आहे.

विकायला चोरी केली असती तर तो गेला असता आणि कॅसेटी राहिल्या असत्या. ऐकायला चोरी केली असती तर दोन्ही गेलं असतं. प्राध्यापकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की वाजवायला त्यांच्याकडे काही नाही. त्यांनी तर कपाट उघडलं होतं, झाकणाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. कॅसेटी नेऊन टेपरेकॉर्डर सोडणारा माणूस एकच प्रकारचा असू शकतो: ज्याला त्या ऐकायच्या नाहीत आणि इतर कुणी ऐकू नयेत असं वाटतं.

असं कुणाला वाटेल? ज्याचा आवाज आत आहे त्याला.

झाकणाखाली मशीन नाही, कॅसेटी आहेत, हे कुणाला माहीत? ज्यानं आपली कॅसेट आपल्या हातानं तिथं ठेवली त्याला. पण मग एकच नेता आली असती. सगळ्या का? कारण त्यांवर नावं नव्हती, आणि कुठली आपली ते ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं.

इथवर आले आणि थांबले. तसली मुलं कितीतरी होऊन गेली होती. आता मोठी झालेली, कुठे कुठे पांगलेली. त्यांतलं कोण या आठवड्यात किल्ली लावून घरात शिरलं?

किल्ली. टाचणीनं सोमवारी आत्याकडे किल्ली मागितली. तेव्हा चोरीचं कुणाला माहीतही नव्हतं; हातात किल्ली असताना नुसतं नाटक करायला ती आत्याच्या दारात कशाला जाईल? तिच्याकडे किल्ली नव्हती म्हणून ती गेली. म्हणजे रविवारपासून किल्ली दुसऱ्याकडे होती, आणि ती कुणी मला आणून दिली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरीही तिचा शब्द आणि त्यांचा शब्द. मंडळ कुणाचं ऐकणार?

मी वैतागून उठले, तोंड धुवायला गेले. हात न बघता दारामागे गेला, बटण दाबलं, आणि मी तशीच उभी राहिले.

प्राध्यापक इतक्या वेळा येऊनही भिंत चाचपत होते. साहेब पहिल्यांदाच आले होते. तरी आतला दिवा लागला होता. मी न सांगता.

नवा माणूस कोण ते लगेच कळतं.

मी फोन उचलला. अहवाल देण्याआधी एकदा येऊन जाल का, असं साहेबांना विचारलं. आवाज माझा मलाच फार सभ्य वाटला.

६

रविवारी दुपारी ते आले. मी टेपरेकॉर्डर मधोमध टेबलावर ठेवला होता.

"हा कशाला काढलात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विसरलात म्हणून."

मी सगळं सांगितलं, टेपरेकॉर्डर, किल्ली, आत्याचं दार. शेवटी बटण. बटण ऐकल्यावर त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्या बटणानं आपला विश्वासघात केला असं त्यांना वाटलं असावं.

"वहिनी ओरडायच्या," ते म्हणाले. "तुमच्या आई. 'अरे, अंधारात काय धडपडतोस, दारामागे बघ.' तुम्ही त्या टेबलाशी बसलेल्या असायच्या, दोन वेण्या. तुम्हाला आठवत नाही मी. बरोबरच आहे."

"किती वर्षांचे होता?"

"सोळा. दुकान फोडलं होतं. सरांनी मला वर्षभर इथं बोलावलं. वहिनींनी मशीन दिलं, आईला बसल्या जागी काम मिळावं म्हणून. अजून चालतं ते. बायको वापरते. कुठून आलं ते तिला माहीत नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही. सर मला चारचौघांत साहेब म्हणायचे." त्यांनी तळवे मांडीवर पुसले. "दवाखान्यात सर गेले असं डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितीय? झाकणाचा. सरांचा नाही."

"आणि टाचणी?"

"मला वाटलं नव्हतं कुणी इतक्यात उघडून बघेल."

"बघितल्यावर?"

त्यांनी मान खाली घातली. "तिच्यावर एक शिक्का आहेच. वाटलं, आणखी एकानं तिचं काय... माझ्यावर एकही नाही."

मला कधी नव्हे इतका संताप आला. आत्याचा नाही आला, प्राध्यापकांचा नाही आला. या माणसाला तो शिक्का कसा भाजतो ते ठाऊक होतं, आणि तोच त्यानं तापवून दुसऱ्या मुलीवर ठेवला होता.

"दोरीचं मोठं छान बोललात परवा," मी म्हणाले. "ती तुटली नव्हती, साहेब. तुम्ही कापत होतात."

"हो," ते म्हणाले. एवढंच.

कॅसेटी त्यांच्या गाडीच्या डिकीत होत्या, एका पिशवीत. कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो होतो, म्हणाले; टाकवेना. पिशवी वर आणली. आपली कुठली ते त्यांना ऐकूनच शोधावं लागणार होतं. आवाज परका निघाला की मी लगेच बंद करत होते. मग एका कॅसेटीवर एक मुलगा खोकला, आणि साहेबांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

"सावकाश," बाबांचा आवाज आला. तरुण, भरदार. "मला घाई नाही. दुकान का फोडलंस ते सांगितलंस. आता हे सांग, त्याआधी इतकी वर्षं का नाही फोडलंस?"

बराच वेळ नुसती खरखर. मग मुलगा म्हणाला, "आई दारात उभी असायची. कुठून आलास, विचारायची नाही. नुसती उभी. मग ती आजारी पडली, उभी राहीना."

"अस्सं," बाबा म्हणाले, आणि गप्प राहिले. त्यांचं ते गप्प बसणं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी बोलताना ते "मग झालं" म्हणत.

साहेबांनी बटण दाबलं. कॅसेट काढून मी त्यांच्या हातात दिली.

"ही तुमची. बाकीच्या इथंच राहतील. मंडळापुढे स्वतःबद्दल किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तिनं नेल्या नाहीत, कुणी नेल्या, किल्ली केव्हा घेतली, एवढं उद्या सांगावंच लागेल. आणि आज खाली आत्याला."

"आत्यांना?"

"इमारतीत बातमी तिथूनच जाते. खरीही जाऊ दे एकदा."

मी जिन्यात उभी राहून ऐकलं. साहेबांचं बोलणं नीट ऐकू आलं नाही. आत्याचं आलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, पण तुम्ही तर किती चांगल्या घरचे वाटता!"

मग तिचं दार लागलं. थोड्या वेळानं परत उघडलं, आणि ती फोनवर लॉंड्रीचा नंबर विचारत होती. झाडं सुकलीत म्हणे, त्या मुलीला सांगा, येऊन जा. माफी मागायची ही आत्याची रीत आहे. आयुष्यभर तिच्याकडून याहून जास्त कुणाला मिळालेलं नाही.

मी वर आले. कॅसेटी एकेक करून पुन्हा झाकणाखाली ठेवल्या. खिडकीतून ऊन कलंडून बाबांच्या खुर्चीवर आलं होतं. खुर्चीसमोर एक बुटकं स्टूल आहे, मुलं त्यावर बसायची. मी या घरात वाढले आणि त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. ती जागा काहीतरी केलेल्यांसाठी होती.

बसले. खुर्ची माझ्याहून बरीच उंच दिसत होती.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले. रिकाम्या घरात आवाज घुमला, तरी थांबले नाही. "मला नाही कधी विचारलंत. खरा प्रश्न तो आहे म्हणायचात ना? मी घरातच होते, त्या दारापलीकडे. मलाही राग यायचा. त्या मुलांचा यायचा, तुमचा यायचा. काहीतरी फोडावं असं वाटायचं, मग तुम्ही दार उघडून मला आत बोलावाल असं वाटायचं. बऱ्याचदा वाटायचं, बाबा. नाही फोडलं काही. का नाही, ते ऐका आता. घाई नाही ना तुम्हाला? मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तुम्ही खिडकीत उभे असायचात. म्हणून."